दोन रेघांचा सूड

रागाच्या बाबतीत मिल्टन कीन्समध्ये माझा हात धरणारं कुणी नाही, अशी माझी समजूत होती. आमचे हे, म्हणजे दीनानाथ, चारचौघांत तसं सांगतातही आणि वर हसतात. मी एका शाळेत डिनर लेडी आहे, म्हणजे दुपारच्या जेवणाला पोरांवर लक्ष ठेवणारी बाई. पोरांनी रांग मोडली की माझा आवाज पार कार पार्कपर्यंत जातो. बिन्स उचलल्या नाहीत म्हणून कौन्सिलच्या माणसाला एकदा असा झापला होता की पुढच्या आठवड्यात तो आमच्या दारासमोर मान खाली घालूनच आला. पण माझा राग म्हणजे उतू जाणारं दूध. भसकन वर येतो आणि गॅस बंद केला की खाली बसतो. सूड घ्यायला वेगळं डोकं लागतं. ते माझ्याकडे नाही. ते होतं सुचेता मायदेवकडे, आणि ही बाई माझ्याच घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहत होती.

सुचेता पुण्याची. तेव्हा अडतिशीला आलेली. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, ते मी एकदा विचारलं आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं की परत विचारायची माझी छाती झाली नाही. अंगानं काडी. केस घट्ट बांधलेले. स्वयंपाक झाला की हॉब असा पुसायची की मला माझीच लाज वाटायची. या गावात दूध आणायलासुद्धा लोक गाडी काढतात, आणि ही रोज रेडवेनं, म्हणजे इथल्या तांबड्या पायवाटेनं, चालत ऑफिसला जायची. पावसातसुद्धा. मी म्हणायचे, "अगं, ह्यांना सांग, सोडतील." तर म्हणायची, "ताई, चालताना शब्द लागतात."

शब्द म्हणजे जपानी शब्द. पुण्यात जपानी शिकलेली माणसं काही कमी नाहीत. पुष्कळजण नोकरीसाठी शिकतात, नोकरी लागली की विसरतात. हिला मात्र त्या भाषेचं खूळ होतं. ती एका छोट्या कंपनीत होती. मालक ग्रॅहम म्हणून एक साठीचा इंग्रज, बापडा सज्जन, जपानीतलं एक अक्षर न येणारा. एक जपानी कंपनी बेकरीची मशिन्स बनवायची आणि तिचं ऑफिस इथंच गावात होतं. त्यांची मशिन्सची जुनी माहितीपुस्तकं कारखान्यांतून यायची, तेलकट, पिठानं माखलेली. ग्रॅहमच्या कंपनीनं ती स्कॅन करायची, शेजारी इंग्रजी भाषांतर घालायचं आणि नवी पुस्तकं छापून द्यायची. भाषांतर आणि तपासणी सुचेताकडे. आणि सगळ्याचा प्रोजेक्ट मॅनेजर वरद शेवडे.

वरदही पुण्याचाच. दोघं एकाच बाईंकडे जपानी शिकले, एकाच वर्गात. सुचेता पहिली यायची आणि तो दुसरा, असं तीच एकदा बोलून गेली होती. वरद बोलायला गोड. गणपतीत मंडळाच्या आरतीला सगळ्यात पुढे, टाळ ह्याच्याच हातात. "काकू, तुमच्या हातच्या मोदकांना तोड नाही," असं दरवर्षी म्हणायचा, आणि मी मेली दरवर्षी फुगायचे.

आता ते दोन रेघांचं प्रकरण सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मलाही सुचेतानंच शिकवलं, स्वयंपाकघरात, मी कणीक मळत असताना. म्हणाली, "ताई, गळ्यावर हात ठेवा आणि क म्हणा. आता ग म्हणा." मी कणकेच्या हातानंच गळा धरला. क म्हणताना काही नाही, ग म्हणताना गळा गुरगुरतो. म्हणाली, "आपल्याकडे क आणि ग ही दोन वेगळी अक्षरं. ते लोक काटकसरी. अक्षर एकच, क चं. त्याच्या डोक्यावर उजवीकडे दोन बारीक रेघा मारल्या की ग. स चा ज होतो, त चा द. त्या रेघांना पोरं तेनतेन म्हणतात." मग ह वर दोन रेघा मारल्या की ब होतो, आणि रेघांऐवजी एवढंसं गोल काढलं की प होतो. मी म्हटलं, "हे काय! ह चा ब कसा होईल? हा कुठला न्याय?" ती हसली. क्वचित हसायची, पण तेव्हा हसली. म्हणाली, "फार पूर्वी त्यांचा ह म्हणजे प च होता म्हणतात. उच्चार बदलला, खुणा तशाच राहिल्या." मी म्हटलं, धन्य आहेत. पण लक्षात राहिलं. एवढ्याशा रेघा, तिळाएवढ्या. आणि त्यांच्याशिवाय अक्षर मुकं.

आणि ह्या वरदनं नेमक्या त्याच पुसल्या.

झालं असं. दोन हजार पाच सालची गोष्ट. सर्वांत मोठं पुस्तक छापायला जायचं होतं. सुचेतानं सगळी पानं डोळ्यांत तेल घालून वाचली आणि ठीक आहेत म्हणून पुढे दिली. पण स्कॅन केलेल्या पानांवर पिठाचे, तेलाचे ठिपके दिसत होते. वरदनं ग्रॅहमपुढे बढाई मारून ठेवलेली, की वेळेच्या आधी देतो आणि अगदी चकाचक देतो. कॉम्प्युटरमध्ये धूळ काढायची एक आज्ञा असते म्हणे. तुम्ही सांगायचं, एवढ्या आकाराचे ठिपके म्हणजे धूळ, आणि तो सगळ्या पानांवरून झाडू मारतो. ह्यानं जोर वाढवून एकदम सगळ्या पुस्तकावर झाडू फिरवला. मोठ्या मथळ्यांतल्या रेघा वाचल्या. बारीक टाइपातल्या सगळ्या रेघा, सगळी गोलं, धूळ म्हणून साफ. नंतर ती पानं सुचेताला परत दाखवायची, हा कामाचा नियमच होता. पण ती पुन्हा पानन्‌पान वाचणार, वेळ जाणार, बढाई फुकट जाणार. म्हणून दाखवली नाहीत. परस्पर छापायला दिली.

छापून आलं तेव्हा पंपाचं, म्हणजे त्यांच्या पोन्पुचं, होन्फु झालेलं आणि व्हॉल्व्हचं भलतंच काहीतरी. बेकरीच्या मशीनचं पुस्तक, आणि त्यात पाव हा शब्दच धड नाही! जपानी कंपनीतले मोरिता म्हणून वयस्कर साहेब होते, सुचेताच्या तोंडी मोरितासान. त्यांची मेल आली. चार ओळींची, अतिशय नम्र. सुचेता म्हणाली, "ताई, ती इतकी नम्र होती की वाचतानाच कळलं, आता काम जाणार."

ग्रॅहमनं दोघांना बोलावलं. वरदनं काय करावं? तो म्हणाला, "फायनल चेक सुचेताचा होता. आय ट्रस्टेड हर." आणि वर मान हलवून, "आय फील बॅड फॉर हर, टू बी ऑनेस्ट." हिनं सांगितलं, मी वाचली ती पानं वेगळी होती, नंतर साफसफाई झाली. तर तो म्हणतो, "साफसफाईत धूळ जाते, अक्षरं जात नाहीत. बघ ना ग्रॅहम, सगळी अक्षरं जागेवर आहेत." आणि ग्रॅहम बिचारा दोन्ही पानं समोर धरून बघतोय. त्याला दोन्ही सारखीच. म्हणाला, "सुचेता, हा क्लायंट गेला तर मला तुला ठेवता येणार नाही."

ठेवता येणार नाही म्हणजे काय, ते इथं परमिटवर राहणाऱ्याला विचारा. परमिट कंपनीच्या नावावर. नोकरी गेली की बॅग भरायची. इथं कायमचं राहायच्या तिच्या स्टॅम्पला थोडेच महिने उरले होते. पुण्यात तिचं कुणी नव्हतं, भावानं फ्लॅट विकून टाकलेला. मोरितांनी काम काढून घेतलं, की सुचेता मायदेव संपली. हे वरदला माहीत नव्हतं? पुरतं माहीत होतं. तो स्वतःच परमिटवर होता!

ती घरी आली आणि कोट न काढता स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. सगळं सांगितलं, एका सुरात, बातम्या वाचल्यासारखं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्या, मोदक खाल्लेस की रे माझ्या हातचे!" मी ओरडले. "अहो, गाडीची किल्ली कुठाय? आत्ताच्या आत्ता जाते. बायकोदेखत विचारते त्याला."

"ताई, बसा," सुचेता म्हणाली. "ओरडून काय होईल? तो सॉरी म्हणेल. तुम्हाला बरं वाटेल. आणि मी पुण्याला जाईन."

कुकरच्या वाफेनं खिडकीची काच धुरकट झाली होती. ती उठली आणि बोटानं काचेवर एक अक्षर काढलं. त्यांचा अ. मग त्याच्या डोक्यावर दोन रेघा मारल्या, इतक्या जोरात की काच कुरकुरली. मी म्हटलं, "अ वर रेघा? ह्याचा उच्चार काय?"

"काही नाही. असं अक्षर पुस्तकात नाहीच. तिथल्या कॉमिक्समध्ये माणूस रागानं पिसाळला, तोंडातून शब्दच फुटेना, की असं लिहितात."

"मग म्हणायचं कसं?"

"घशातून."

ती स्वतः तसं म्हणालीच नाही. मी म्हटलं. असं म्हटलं की दीनानाथ बाहेरच्या खोलीतून पेपर हातात घेऊन धावत आले आणि "काय भाजलं?" म्हणून विचारायला लागले. सुचेता काचेकडेच बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली आणि ग्रॅहमला म्हणाली, "मी स्वतः जाऊन मोरितासानांची माफी मागते. पण तुम्ही बरोबर या. मालक आला की त्यांना बरं वाटतं. आणि वरदनंही यावं, प्रोजेक्ट त्याचा आहे." ग्रॅहमचा जीव भांड्यात पडला. वरदला तर आनंदच झाला. त्याला वाटलं, बाईनं खापर आपल्या डोक्यावर फोडून घेतलं, प्रकरण मिटलं. हिला कॉफी आणून दिली म्हणे त्यानं.

मला कळलं तेव्हा मी तिच्याशी बोलणंच टाकलं. जेवायला वाढलं, पण बोलले नाही. शेवटी राहवेना. "अगं भवाने, त्याची चूक आणि माफी तू मागणार? कणा आहे की नाही तुला?"

ती काळा सूट इस्त्री करत होती. इस्त्री उभी ठेवली आणि म्हणाली, "ताई, आमच्या बाईंनी आम्हाला भाषेआधी वाकायला शिकवलं. कंबरेतून वाकायचं, पाठ सरळ, आणि समोरचा म्हणेपर्यंत वर यायचं नाही. आणि एक सांगितलं. चूक हाताखालच्याची असली तरी माफी मागताना वरिष्ठानं आधी वाकायचं. हाताखालचा एकटाच वाकला आणि वरिष्ठ ताठ उभा राहिला, तर त्या माणसाबरोबर पुन्हा कुणी काम करत नाही. हे वरद माझ्याच शेजारी बसून शिकलाय."

"मग वाकेल की तो! माहीत आहे तर वाकेल."

"ग्रॅहमसमोर?" ती म्हणाली. "त्यानं ग्रॅहमला सांगितलंय, माझी काही चूक नाही. मग वाकला कशाला, असं ग्रॅहम विचारेल ना? वाकला तर ग्रॅहमला कळलं. नाही वाकला तर मोरितासानांना कळलं."

वाहवा! मी इकडे त्याच्या दारात जाऊन चार शिव्या घालायच्या गोष्टी करत होते, आणि ह्या काडीनं कोटाची बटणंसुद्धा न काढता त्याला दोन्हीकडून कोंडला होता. मी म्हटलं, "बयो, तुझ्या हातचं पाणी पिताना आता विचार करायला हवा." तिनं इस्त्री पुन्हा उचलली.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण सुचेताकडून इतक्यांदा वदवून घेतलंय की पाहिल्यासारखंच आहे. मोठं टेबल. पलीकडे मोरितासाहेब आणि त्यांचा एक माणूस, दोघंही उभे. अलीकडे हे तिघं. सुचेता एक पाऊल पुढे झाली आणि जपानीत बोलली. तुमच्या पुस्तकाचा अपमान झाला, तुमच्या गिऱ्हाइकांना त्रास झाला, सगळी जबाबदारी माझी आहे. आणि वाकली. तशीच राहिली.

तिला फक्त गालिचा दिसत होता आणि शेजारी वरदचे बूट. मोरितासाहेबांनी तिला "वर या" म्हटलं नाही. ते वाट बघत होते. कशाची, ते तिला माहीत होतं आणि वरदला माहीत होतं. वरदचे बूट जरा हलले, टाचा जुळल्या. म्हणजे तो वाकणार होता! शरीर शिकलेलं विसरत नाही. पण बूट पुन्हा बाजूला झाले. त्यानं ग्रॅहमकडे पाहिलं असणार. मग घसा खाकरून इंग्रजीत म्हणाला, "आम्ही ह्याबद्दल सुचेताला फार सीरियसली समज दिली आहे."

"आय सी," मोरितासाहेब म्हणाले.

आणि मग जे झालं ते सुचेतानंही योजलेलं नव्हतं. ग्रॅहम! ज्याला जपानी रीत का भात ठाऊक नाही, तो साठीचा इंग्रज एक बाई इतका वेळ वाकलेली बघून अस्वस्थ झाला, पुढे आला आणि तिच्या शेजारी वाकला. वेडावाकडा, गुडघे दुमडून, टाय लोंबतोय. "आय ॲम सो सॉरी," म्हणाला, "इट्स माय कंपनी." आता त्या खोलीत अलीकडच्या बाजूला ताठ उभा एकटा वरद.

मोरितासाहेबांनी दोघांना चेहरा वर करा म्हणून सांगितलं. स्वतःही वाकले. चहा मागवला. वरदच्या समोर कप ठेवला गेला, पण त्याच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही.

वरदशी कुणी बोललं नाही, हे ग्रॅहमच्या नजरेतून सुटलं नव्हतं. गाडीत परत येताना त्यानं विचारलं, "ती साफसफाई. तिच्यामुळेच झालं ना?"

"हो," सुचेता म्हणाली.

"तू आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

मागच्या सीटवर वरद बसलेला होता.

पुढच्या आठवड्यात मोरितासाहेबांचा ग्रॅहमला फोन आला. काम तुमच्याकडेच राहू दे. मात्र ह्यापुढे ते मायदेवसान बघतील. मिस्टर शेवड्यांना हाताखाली ठेवायचं की नाही, ते मायदेवसानांनीच ठरवावं, आमची हरकत नाही. इतकंच. तक्रार नाही, आरोप नाही. ग्रॅहमनं ते जसंच्या तसं सुचेताला सांगितलं आणि म्हणाला, "छोटी कंपनी आहे. त्याला द्यायला माझ्याकडे दुसरं काम नाही. तू हो म्हणालीस तर ठेवतो. महिनाअखेरपर्यंत सांग."

त्या दिवशी मी शिरा केला. बदाम घालून. मला इतका आनंद झाला होता की शेजारच्या पॅटला वाटीभर नेऊन दिला आणि कशाबद्दल ते काही सांगितलं नाही. आता परमिटचा फास त्याच्या गळ्यात. आता त्यानं वाट बघायची. बसू दे झोप उडवत! दीनानाथ म्हणाले, "सुचेता, झालं ना मनासारखं? आता ठेव त्याला. तुझ्या हाताखाली राहील, ती काय कमी शिक्षा आहे?" सुचेता शिरा खात होती. म्हणाली, "बघते, भाऊजी." आणि खरं सांगते, तिनं अजून ठरवलेलं नव्हतं. मला तिचा चेहरा वाचता यायला लागला होता. ती कशाची तरी वाट बघत होती.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात वरदची बायको, शिल्पा. चांगली मुलगी हो. हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आताही म्हणते. सुचेता तापानं पडली होती आणि मी लेस्टरला गेले होते, तेव्हा रोज डबा हिनंच पोचवला होता. त्यांची मुलगी मायरा नुकतीच शाळेत, रिसेप्शनच्या वर्गात जायला लागली होती. शिल्पानं डोळ्यांत काजळ घातलं होतं, आणि ते रडून झाल्यावर नुकतंच घातलेलं असावं, कारण खालची पापणी अजून ओली होती.

"काकू, सुचेता आहे?"

सुचेता खाली आली. मी चहा टाकला. शिल्पानं कपाला हात लावला नाही. "सुचेता, मी काही एक्स्क्यूज द्यायला आले नाहीये. वरद चुकला. मला सगळं माहितीय. पण मायराचं आत्ता कुठं बस्तान बसतंय. तू एक शब्द टाकलास तर ग्रॅहम ऐकेल. प्लीज. मी तुझ्या..." आणि ती खुर्चीतून उठायला लागली.

"बस," सुचेता म्हणाली. मग खिडकीपाशी गेली आणि पडदा जरा बाजूला केला. "गाडीत कोण आहे?"

मीही डोकावून पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे त्यांची निळी गाडी, आणि स्टिअरिंगमागे वरद. खाली मान घालून मोबाइल बघत होता.

"तो आत का नाही आला?"

"त्याला ऑकवर्ड वाटतंय ग."

"बोलाव त्याला," सुचेता म्हणाली. आवाज मऊ होता. "मी काही बोलणार नाही. त्यानं नुसतं आत यावं. बोलाव."

आला असता ना, तर तिनं त्याला ठेवला असता. पैजेवर सांगते. मला आवडलं नसतं, पण ठेवला असता. शिल्पानं फोन लावला. पलीकडे हळू आवाजात काहीतरी चाललं. "अरे, पण ती स्वतः म्हणतीय... दोन मिनिटं... वरद, प्लीज." मग तिनं फोन खाली घेतला. तिच्याकडे बघवेना.

"म्हणतोय, तूच बोल."

सुचेतानं पडदा नीट लावला. तिच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. कोपऱ्यातली देवापुढची समई तिनं सरळ केली आणि माझ्याकडे वळली.

"अर्चनाताई, शिल्पाची ओटी भरा. पुण्याला चाललीय ती."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. परगावी निघालेल्या सवाष्णीची ओटी भरतात. सुचेताचं लग्न झालेलं नाही, म्हणजे भरणारी मीच. शिल्पा माझ्याकडे बघत होती, मी सुचेताकडे. मला नाही म्हणता आलं असतं. म्हणता आलं असतं की, अगं, हिचा काय दोष? पण मला ती स्वयंपाकघरातली काच दिसली, आणि ग्रॅहमसमोर मान हलवून "आय फील बॅड फॉर हर" म्हणणारा तो दिसला, आणि बाहेर गाडीत बसून आजही बायकोला पुढे करणारा तो दिसला. मी आत गेले. तांदूळ काढले, सुपारी, हळकुंड. कपाटातला नवा ब्लाउजपीस काढला, हिरवा, चांगल्यातला. नारळ होता घरात. कुंकवाची डबी घेतली.

"शिल्पा, पूर्वेकडे तोंड कर," मी म्हटलं.

ती जीन्समध्ये होती. पदर नव्हता. तिनं गळ्यातला स्कार्फ सोडला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. मी कुंकू लावलं. तांदूळ घातले, त्यावर नारळ ठेवला. हातातल्या वजनानं तिचा स्कार्फ खाली झुकला, आणि मग तिच्या तोंडातून एक आवाज आला. शब्द नव्हता तो. मी तो ऐकला आणि ब्लाउजपीसची घडी नीट करत राहिले.

शिल्पाचं वाईट वाटलं का? वाटलं. आजही वाटतं. पण त्याचं? तिळमात्र नाही. मंडळातल्या बायका म्हणतात, अर्चना, तू तरी आवरायचंस तिला. मी सांगते, मी नारळ माझ्या हातानं ठेवला.

ओटी घेऊन शिल्पा सवयीनं खाली वाकली आणि माझ्या पाया पडली. "सुखी राहा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ती तशीच, भरलेला स्कार्फ पोटाशी धरून दारापर्यंत गेली. सुचेतानं तिच्यासाठी दार उघडलं, पायरीवर बर्फाचं पाणी साठलंय, जपून, म्हणून सांगितलं. पलीकडे गाडी सुरू झाली. वरदनं मान वर केली नाही.

सुचेता दारात उभी राहिली आणि मागून म्हणाली, "शिल्पा, पोचलीस की फोन कर हं."